आधी पार्ट विचारा, मग किंमत

या आठवड्यात एकाच जाहिरातीचा फोटो इतक्या जणांनी पाठवला की शेवटी मी फोन उलटा करून ठेवला. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे ह्योसंग अक्विला प्रो आली आहे. साडेसहाशे सीसी, व्ही-ट्विन, लांबलचक, काळीभोर, अंगभर क्रोम. भाव नव्या थ्री-फिफ्टीच्या आसपास. खाली विक्रेत्याचं तत्त्वज्ञान : ‘मोठ्या नव्या गाडीला आता ४० टक्के जीएसटी. शहाणे व्हा, जुनी घ्या.’ आणि प्रत्येक फोटोसोबत प्रश्न : ‘काका, घेऊ का?’ विचारणाऱ्यांत असेही काही आहेत, ज्यांनी सायलेन्सरवरच्या माझ्या लेखानंतर माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या. सल्ला मागायला लाज वाटत नाही, हा कोल्हापूरकरांचा मोठा गुण.

उत्तर एका शब्दात हवं असेल तर : नको. ज्यांचं एवढ्यावर समाधान झालं त्यांनी शब्दकोड्याकडे वळावं.

आधी त्या चाळीस टक्क्यांचा निकाल लावू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्या वरच्या गाड्यांवर आधी २८ टक्के आणि वर ३ टक्के सेस होता, तो एकदम ४० झाला. म्हणजे नवी साडेसहाशे महागली, हे खरं. पण अक्विलासमोर उभ्या असलेल्या पोराच्या खिशात नव्या साडेसहाशेचे पैसे होते कधी? त्याच्या खिशात नव्या साडेतीनशेचे पैसे आहेत, आणि ती साडेतीनशे तर स्वस्त झाली. हिशेबाने जुन्या क्लासिक, थंडरबर्ड, मीटिअरचे भाव खाली यायला हवे होते. बाजारात फिरून बघा, किती आले ते. कर वाढल्याची बातमी जुन्या गाडीच्या विक्रेत्याला त्याच रात्री कळते. कमी झाल्याची बातमी पोचायला दोन-तीन सण जावे लागतात.

आता गाडीकडे. अक्विलाचं इंजिन वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तिचे भक्त शांत बसतील. ६४७ सीसी, दोन सिलिंडर, पाण्यावर गार होणारं, मागच्या चाकाला चेनऐवजी पट्टा. कोगनोळी ओलांडून निपाणीकडे सोडली की चालवणारा बेळगाव येईपर्यंत थांबायचं नाव काढत नाही. घोटाळा आहे तो तिच्या पालकांचा. या कोरियन कंपनीच्या गाड्या आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी आणल्या, ते सगळे इथलेच. सर्वांत आधी कायनेटिकने २००३-०४ च्या सुमारास अडीचशेची अक्विला आणि कॉमेट आणली, तीही मोजक्या संख्येने. मग बरीच वर्षं शुकशुकाट. २०११ मध्ये गरवारे मोटर्सने हे नाव पुन्हा बाजारात आणलं, जोडणी साताऱ्याच्या वाईला. २०१२ मध्ये धुरा पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सकडे गेली. २०१८ मध्ये डीएसके समूह कोसळला आणि शोरूमना कुलपं लागली. त्याच वर्षी कायनेटिकच्याच घरातली मोटोरॉयाल अहमदनगरहून पुढे सरसावली. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि तोही अध्याय आटोपला.

सतरा वर्षांत चार बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडाने जाताना काय नेलं? पार्टांची गोदामं, शिकवलेले मेस्त्री आणि फोन उचलणारा माणूस. वाई आपल्याच हायवेने तीन तासांवर. जिच्या भागांची जोडणी तिथे झाली, तिच्या एका पट्ट्यासाठी आज परदेशातल्या दुकानांच्या याद्या चाळायच्या आणि वर आयात शुल्क भरायचं. हे ज्याला परवडतं त्याने माझा स्तंभ वाचून सल्ला मागायची गरज नाही.

‘पण काका, इंजिन जर दणकट असेल तर पार्ट लागतीलच कशाला?’ हा या प्रकरणातला सर्वांत गोड गैरसमज. त्याच्यासाठी माझ्याकडे एक दाखला आहे. नेहमीच्या वाचकांनी तो माझ्या तोंडून या ना त्या निमित्ताने ऐकला आहे, आज पूर्ण सांगतो.

२००१ मध्ये बजाजने कावासाकी एलिमिनेटर आणली. पावणेदोनशे सीसी, इंजिन कावासाकीचं. बुटकी सीट, उंच हँडल, पुढे झुकलेला लांब फोर्क, पाय पुढे टाकून बसायचं. स्प्लेंडर आणि बॉक्सरच्या त्या जमान्यात ती रंकाळ्यावर आली की लोक भेळेचा कागद हातात धरून बघत राहायचे. आणि चालायला? जपानी सुख. इंजिनाची थरथर हँडलपर्यंत पोचायची नाही. किंमत मात्र अशी की बघणारे शंभर आणि घेणारा एखादाच. त्याच वर्षी त्याच कंपनीने आणखी एक गाडी आणली होती, तिचं नाव पल्सर. तिच्याबद्दल त्या वेळी कुणी जपानी सुख वगैरे म्हटलं नव्हतं.

२००५ मध्ये बजाजने साधा व्यवहार केला. एलिमिनेटरचा आकार तोच ठेवला, बैठक तीच ठेवली, मधलं कावासाकी इंजिन काढलं आणि तिथे पल्सर १८० चं इंजिन बसवलं. गाडीचं नाव ठेवलं अवेंजर आणि किंमत बरीच खाली आणली. शौकिनांनी नाकं मुरडली. इंजिन खरखरतं, थरथरतं, ‘आत्मा गेला’ वगैरे. आत्मा गेला हे मीही म्हणतो. ज्याने दोन्ही चालवल्या आहेत तो वेगळं म्हणूच शकत नाही.

पण आता दोन दशकांनंतरचा निकाल बघा. बाहेरून जवळजवळ एकच गाडी, बैठक एकच, बनवणारी कंपनी एकच, विकणारे डीलर एकच. फरक फक्त इंजिनाचा. त्यातही जे इंजिन उजवं होतं ते महागड्या गाडीत, म्हणजे जपणाऱ्या मालकांच्या हातात. भरोसा इंजिनाच्या गुणांवर ठरत असता, तर आज रस्त्यावर एलिमिनेटर दिसायला हव्या होत्या आणि अवेंजर भंगारात. दिसतं उलटं. एलिमिनेटर आज दिसली तर हौशी माणसाकडे, रविवारी सकाळी, पुसून लख्ख केलेली. अवेंजर गडहिंग्लजच्या बाजारात दिसते, मलकापूरच्या स्टँडसमोर दिसते, मागे दुधाचे कॅन बांधलेली दिसते. क्रूझरला कॅन बांधणारा माणूस तिच्या भरोशाबद्दल कुठल्याही रीलवाल्यापेक्षा जास्त सांगून जातो.

कारण काय? अवेंजरचं पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, टायमिंग चेन म्हणजे पल्सरचाच माल. पल्सर गावोगाव गेली, तिच्यामागे तिचा मेस्त्री गेला, मेस्त्रीमागे पार्टांचं दुकान गेलं, आणि अवेंजरला हे सगळं आयतं मिळालं. पुढे २००७ मध्ये ती दोनशेची झाली, २०१० मध्ये दोनशेवीसची, ऑईल कूलर आला. प्रत्येक वेळी पल्सर पुढे आणि अवेंजर मागे. एलिमिनेटरचं इंजिन मात्र इथे एकटं पडलं. त्याच्या रिंगा दुसऱ्या कुठल्या गाडीला बसत नव्हत्या, मग दुकानदार त्या फळीवर ठेवून करणार काय? एप्रिल २०१७ पासून बजाज आणि कावासाकीचे विक्री-सेवेचे रस्तेही वेगळे झाले. २०२४ मध्ये कावासाकीने एलिमिनेटर हे नाव भारतात परत आणलं, पण ती साडेचारशेची, दोन सिलिंडरची, साडेपाच लाखांच्या वरची. जुनीच्या मालकाला तिचा उपयोग उसासे टाकण्यापुरता.

अवेंजर बिघडत नाही असं मी म्हणत नाही. बिघडते. चेन ढिली पडते आणि खडखडते. पेट्रोलमध्ये पाणी आलं की कार्बोरेटर रुसतो. गाडी बुटकी आणि लांब, म्हणून आपल्या हौशी गतिरोधकांवर पोट घासते. पण सकाळी बिघडलेली अवेंजर संध्याकाळी घरी जाते. एलिमिनेटर तिच्यापेक्षा कमी वेळा बिघडायची, आणि एकदा बिघडली की गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जायची. भरोसा मोजायचा तर गाडी वर्षात किती दिवस उभी राहिली ते मोजा. आपल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. विहिरीवर मोटार बसवताना तो कंपनीच्या नावाआधी विचारतो, जळली तर गावात रिवाइंडिंग कोण करतो? पोरगा मात्र शहरात आला की हे विसरतो आणि हॉर्सपॉवर विचारतो.

आता उद्यमनगरातून फोन येणार, मला माहीत आहे. ‘सायेब, आमी काय मेलोय काय? लेथवर काय बी करून देतो.’ खरं आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून वाहन कंपन्यांना कास्टिंग जातं. आपल्या गल्लीतला टर्नर सॅम्पल बघून बुश काढतो, सिलिंडरला बोअर मारून देतो, जळलेला स्टेटर भरून देतो. एलिमिनेटरच्या ज्या काही गाड्या इथे अजून जिवंत आहेत, त्यांच्या पोटात असं उद्यमनगर थोडं ना थोडं असणारच. पण ती कार्बोरेटरची गाडी होती. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याची तार एवढ्यावर भागायचं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, २०२० मध्ये बीएस-६ सोबत इंजेक्शन जवळजवळ सगळीकडे आलं, आणि अक्विला प्रोला तर ते आधीपासून आहे. इंजेक्टर लेथवर होत नाही. ईसीयू भट्टीत ओतता येत नाही. म्हणजे अनाथ गाडी जितकी नवी, तितका आपला जुगाड लंगडा. एलिमिनेटर उद्यमनगराने जगवली असेल. अक्विला त्याच्या हाताबाहेरची.

म्हणून माझा नियम. गाडी बघायला जाण्याआधी कागदावर लिहा, हेच इंजिन आणखी कुठल्या गाड्यांत बसतं? तीन नावं आली तर पुढे चला. एकही नाव आलं नाही तर घरी बसा.

हा नियम थंडरबर्डला लावा, म्हणजे तिच्याबद्दल मी इतकी वर्षं काय ओरडतोय ते कळेल. ‘थंडरबर्ड कशी आहे?’ हा प्रश्नच चुकीचा. २००२ ची थंडरबर्ड एव्हीएल इंजिनाची. ते इंजिन आलं आणि काही वर्षांत गेलं. त्यानंतरची यूसीई इंजिनाची, आणि ते तर क्लासिक आणि इलेक्ट्रालाही. २०१२ मध्ये नवं रूप आलं, सोबत पाचशेचीही आली. टाकीवर नाव एकच, पण भरोसा तीन तऱ्हेचा. यूसीई साडेतीनशे बिनधास्त बघा, तिचा पार्ट अर्ध्या रात्री मिळेल. एव्हीएल हौस असेल तरच. पाचशेचं गोत लहान, आणि पाचशेच्या क्लासिक-बुलेट २०२० मध्येच थांबल्या, तेव्हा भाव पाडून मागा. २०२० च्या शेवटी थंडरबर्डच्या जागी मीटिअर आली. तिचं जे-सिरीज इंजिन २०२१ मध्ये क्लासिकला, २०२२ मध्ये हंटरला, २०२३ मध्ये बुलेटला गेलं. आज सेकंड हँड मीटिअर घेणाऱ्याला पुढच्या पंधरा वर्षांची चिंता मी तरी करायला लावणार नाही.

यूसीईचं एक दुखणं मात्र विचारूनच घ्या, सेल्फचा स्प्रॅग क्लच. बॅटरी कमजोर असताना सेल्फ मारत राहिलं की तो जातो. बटण दाबल्यावर आतून ‘खटॅक’ आवाज येऊन इंजिन नुसतं हिसका खात असेल, तर इंजिनाची बाजू उघडायची तयारी ठेवा. विक्रेता किक मारून गाडी सुरू करतो आणि ‘खरा मर्द किकच मारतो’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मर्दानगीचं कौतुक करून बटण दाबायला सांगा.

बाकी तपासणी मी वारंवार लिहिली आहे, तेव्हा धावतं सांगतो. न सांगता जा आणि आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी गाडीची समजूत काढून ठेवली आहे. थंड गाडी सुरू करा आणि धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, बोअर-पिस्टनचं काम निघालंय. जाळ अन् धूर संगटच हे आपल्या मिसळीला शोभतं, सायलेन्सरला नाही. मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, गिअर लिव्हरचं रबर आणि स्प्रॉकेटचे दात बघा. दोन्ही झिजलेले आणि मीटर कुमारवयात, असं असेल तर नमस्कार करून निघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला.

आणि ट्रायल रंकाळ्याला फेरी मारून घेऊ नका. सपाट रस्त्यावर भंगारातली गाडीही राणीसारखी चालते. मागे मित्राला बसवा, वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ धरा आणि तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर पिळा. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपल्या. विक्रेता पन्हाळ्यापर्यंत गाडी द्यायला तयार नसेल, तर तपासणी तिथेच पूर्ण झाली असं समजा.

आता माझं आवडतं दुखणं. ज्यांना कंटाळा आलाय त्यांनी हा परिच्छेद गाळावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. दोन्ही वेळा पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि गल्ल्यागल्ल्यांत हँडलपर्यंत पाण्यात गाड्या उभ्या राहिल्या. त्या गाड्या गेल्या कुठे? सगळ्या भंगारात गेल्या असं ज्याला वाटतं, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही, त्याला एक अवेंजर विकायची आहे. माझ्या मते त्यातल्या कितीतरी धुऊन, रंगवून, ‘डॉक्टरांची सिंगल हँड’ होऊन फिरतायत, आणि क्रोमवाल्या क्रूझर तर जास्तच, कारण क्रोम पुसलं की चमकतं. हेडलाईट काढून आतल्या वाटीत मातीची रेघ आहे का बघा. सीटखालचे वायरिंगचे कपलर उघडा, आतल्या पिना हिरव्या झालेल्या असतील तर गाडीने पूर पाहिलाय. पॉलिसी पूर्ण विम्याची असेल तर नो क्लेम बोनस वाचा. ५० टक्के म्हणजे पाच वर्षं दावा नाही. ‘एक ओरखडा नाही’ म्हणणाऱ्याचा बोनस शून्य असेल, तर त्याला विचारा, मग विमा कंपनीकडून पैसे कशाचे घेतले?

कागदाचं थोडक्यात. चेसिस नंबर आरसीशी अक्षर अक्षर जुळवा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर कोरी सही घेऊन ‘टीटी नंतर करू’ म्हणणारा एजंट दिसला की उठा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तो जबाबदार. म्हणजे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. त्याला नसेल तर का नाही, हा विचार तुमचा. पासिंगला पंधरा वर्षं होत आली असतील, तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर किमतीतून आधी वजा करा.

तरीही अक्विलाच हवी असा हट्ट असेल, तर एकच मार्ग आहे. दोन घ्या. एक चालवायला आणि एक पार्ट काढायला. बाकीच्यांनी दोनशेवीसची अवेंजर किंवा यूसीई थंडरबर्ड बघावी, ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा आणि पहिल्याच महिन्यात ऑईल, चेनसेट, कोनसेट, बॅटरी, केबली आणि दोन्ही टायर उरकून टाकावेत. त्यातून काही उरलं तर एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी बसवा. त्या पाटीवर ४१४१ चा ‘दादा’ करता येत नाही, म्हणून काहीजण अजून टाळतायत. असल्या दादाच्या हातून गाडी घेताना ऑईलची काडी दोनदा बघा. ज्याचं सगळं लक्ष नंबर प्लेटवर, त्याने इंजिनाकडे कधी बघितलं असेल, असं मला वाटत नाही.

— मडगार्ड